लोपीस बाईंनी नापास केलेलं सरकार

लोपीस बाई मंत्र्यांना तोंड भिंतीकडे करून उभं करायच्या. खोटं वाटेल, पण मी पाहिलंय. आमच्या शाळेच्या ऑफिसात मंत्री-आमदारांचे फोटो असलेलं एक कॅलेंडर होतं, निवडणुकीच्या आधी कोणीतरी वाटून गेलेलं. वरून नवा आदेश आला की बाई तो उभ्याउभ्याच वाचायच्या, चष्मा पुसायच्या आणि जाऊन कॅलेंडर उलटं टांगायच्या. "ऱ्हा तिकडंच. काय चुकलं ते कळलं की वळ." त्या वर्षी आदेश इतके आले, की तारीख बघायला आम्हाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जावं लागे. दुकानदार शाह गालातल्या गालात हसून विचारायचा, "मास्तर, आज भी साहब लोग को सजा है क्या?"

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी मूळचा परभणीकडचा. भाईंदरला भाड्याच्या खोलीत राहायचो आणि उत्तनच्या बाजूला, अगदी किनाऱ्यावरच्या एका छोट्या मराठी शाळेत शिकवायला बसने जायचो. शिक्षक तिघंच. हेडमास्तर, मी आणि चौथीच्या लोपीस बाई. बाई शेजारच्याच पाली गावातल्या, कोळी ख्रिस्ती घरातल्या. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आवाज असा की पहिलीची पोरं चौथीचे पाढे भिंतीपलीकडून ऐकून पाठ करत.

बाईंचा एकच सिद्धांत होता: "आधी करून दाखव." ज्याने नियम केला त्याने तो आधी आमच्या शाळेत येऊन पाळून दाखवावा. शाळांना साहित्य वाटायच्या एका सरकारी मोहिमेत आम्हाला पृथ्वीचा गोल, लोहचुंबक आणि भिंग मिळालं. खडू मात्र आले नाहीत. बाईंनी गोल हातात फिरवून बघितला. "पृथ्वी दिली, खडू न्हाय. आता फळ्यावर पृथ्वीनं लिहू?" मतदारयादीचं काम आलं, जनगणनेचं आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तरानं शिकवायचं सोडून सगळं करायचं. मग आमदाराला सांग, पाढे तू घे." पण बाई अन्यायी नव्हत्या. मुलींना रोजच्या हजेरीबद्दल भत्ता द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी स्वतः स्टुलावर चढून कॅलेंडर सरळ केलं. "काठावर पास," त्या म्हणाल्या. पुढचा आदेश येईपर्यंत आम्हाला तारीख दिसत होती.

हेडमास्तरांना हे सगळं ऐकून घाम फुटायचा. "बाई, हळू बोला, साहेबांच्या कानावर जाईल." बाई आणखी मोठ्याने म्हणायच्या, "जाऊ दे की. कान असतील तर जाईल."

आणि मग तो आदेश आला. ज्या वर्गाचा पट कमी, तो बंद करून मुलं जवळच्या शाळेला जोडावीत. आमची चौथी त्यात सापडत होती. कागदावर 'जवळची' असलेली ती शाळा टेकडीपलीकडे होती. मुलगे कसेही गेले असते, पण मुलींना कोणी धाडलं नसतं. चौथीच्या मुली तिसरी शिकून घरी बसणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी त्या दिवशी कॅलेंडरला हातसुद्धा लावला नाही. नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

कमी पटाचे वर्ग बघायला आमदारांची एक समिती फिरत होती. दिवाळीनंतर आमच्याकडे त्यातले एक आमदार आणि सोबत एक अधिकारी येणार होते. आमदार घाटावरचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, समुद्राशी देणंघेणं नसलेले. बाईंनी आठवडाभर वर्गाची तयारी करून घेतली. आणि नेमकं त्याच सकाळी बोटी बोंबील भरभरून आल्या. समिती दारात उभी आणि चौथीत दोनच पोरं, त्यातला एक तापाने फणफणलेला.

हेडमास्तर माझ्या कानात कुजबुजले, "सुट्टी आहे म्हणून सांगू या का?"

"खोटं कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांनी हजेरीपट काखेत मारला. "साहेब, चपला हातात घ्या. वाळू हाय. वर्ग तिकडं हाय."

किनाऱ्यावर बांबू बांधून केलेल्या वलांड्या होत्या, मासळी वाळवायच्या. बायका-पोरं बोंबील टांगत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची. बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. बोंबलांच्या पडद्यांमागून आवाज यायला लागले. "हजर, बाई." "हजर." एकीची आईच म्हणाली, "हजर हाय, पानी आणायला गेलीय." शाळेतले दोघे धरून सगळा पट भरला. अधिकारी रुमालाने नाक दाबून मान हलवत होते.

आमदारांनी एका मुलीला विचारलं, "बाळ, शाळा बुडवून हे काय करतेस?"

ती मुलगी हातातला बोंबील खाली न ठेवता म्हणाली, "मासली आज टांगली न्हाय तर कुजंल. शाला कुजत न्हाय. उद्या जाईन."

आमदारांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. बाई बोलल्या. "साहेब, शाळेची वेळ तुम्ही मुंबईत बसून ठरवता. बोटीला ती कोणी सांगितली न्हाय. बोट आली त्या दिवशी दुपारी शाळा भरवायला द्या, एक पोर गैरहजर राहिलं तर माझा पगार कापा. आणि चौथी बंद करायची तर आधी या पोरींना टेकडीपलीकडं चालवत नेऊन दाखवा. तुम्ही स्वतः."

मग त्यांनी आमदारांच्या हातात दोन बोंबील दिले. "हे एवढं करून दाखवा बघू."

आमदारांनी बाह्या वर सारल्या. पहिली जोडी सटकून वाळूत पडली. दुसरीच्या वेळी बोंबलाचे दात बोटाला लागले. वलांडीमागे खसखस पिकली. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. तिसरी जोडी मात्र दांडीवर बसली. आमदारांनी बोट चोखत विचारलं, "बाई, पास की नापास?"

"काठावर," बाई म्हणाल्या. "फेरपरीक्षेला या."

माणूस दिलदार निघाला. थोड्याच आठवड्यांत निरोप आला: चौथी राहणार, आणि बोटीच्या दिवशी शाळा दुपारी भरवायला हरकत नाही. शाळा सुटून गेली होती, बाई घरी गेल्या होत्या. मी पेढे घेतले आणि थेट पाली गाठली. बाई ओट्यावर बसल्या होत्या. बातमी ऐकून त्या नाचतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या "बरं झालं" म्हणाल्या आणि आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

"बाई, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला रे गायकवाड. लई झाला." त्यांनी पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला. "घाबरले होते मी. चौथी गेली असती तर माझी बदली मीरा रोडला, सिल्व्हर पार्ककडं. मोठी शाळा, चांगली शाळा. पण तिथं मला कोण ओळखतंय? इथं सकाळपासून पोरं बाई बाई करून डोकं खातात. घरी आलं की हाक मारायला कोण न्हाय."

एवढ्या दणकट बाईला आपण कधी विचारलंच नव्हतं, घरी कोण असतं म्हणून.

"आई होती तवर बरं होतं," त्या म्हणाल्या. "तिला अक्षर येत न्हवतं. दिवसभर म्हावरं विकून यायची. मी सरकारला बोलायला लागले की मुद्दाम सरकारची बाजू घ्यायची. म्हणायची, त्यांनी पण काय इचार केला असंल. मग जेवण संपेस्तोवर आमचं भांडण. गेल्या साली गेली. आता मी बोलते, समोरून कोणी उत्तरच देत न्हाय. जेवण लवकर संपतं."

मी उठायला लागलो, तर त्यांनी बसवूनच घेतलं. कालवण-भात वाढला. मग सहज विचारल्यासारखं त्या म्हणाल्या, "परीक्षा बंद करायच्या म्हणतायत खालच्या वर्गांच्या. पेपरात आलंय. वाचलंस?"

वाचलं होतं. मला ते अगदीच बिनडोकपणाचं वाटलं होतं. मी भात कालवला.

"बाई," मी म्हणालो, "मला वाटतं, सरकारचं बरोबर आहे."

लोपीस बाई ताठ बसल्या. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"काय बरोबर हाय ते सांग," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. "सावकाश सांग. तुझ्या बसला अजून वेळ हाय."