भुजंगकाकांचं पाचवं 'का'

एका सकाळी आमच्या लिफ्टच्या दाराला सुतळीने लाल टॅग बांधलेला दिसला. त्यावर लिहिलं होतं, "होल्ड. दोष: दार बंद होताना खरडतं. तपासणारा: भु. कदम." लिफ्ट त्या दिवशी चांगली चालू होती, म्हणून आम्ही सगळे हसलो. तीन दिवसांनी ती दोन मजल्यांच्या मधोमध बंद पडली, आणि आत नेमके चेअरमन होते. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये लाल टॅगला कोणी हसत नाही.

भु. कदम म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भुजंगकाका. मूळचे लातूरकडचे, पण सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटीला. माणूस रिटायर होऊन निगडीत घरी बसला, तरी त्याच्यातला इन्स्पेक्टर अजून रोज फर्स्ट शिफ्टला उठतो. कंपनीत खराब मालाला बांधतात तसा टॅग घरातल्या मिक्सरला, गळक्या बादलीला. माझ्या नवऱ्याच्या स्कूटरलाही एकदा मिळाला होता: "ब्रेक लागतो, पण मनावर घेत नाही."

दुसरं वेड म्हणजे पाच वेळा 'का' विचारायचं. चाकणच्या कंपन्यांत हे सगळ्यांना शिकवतात: बिघाड झाला की का, त्याचं उत्तर आलं की पुन्हा का, असं पाचदा खोदलं की मूळ कारण हाताला लागतं. बाकीचे लोक ते गेटवर सोडून घरी येतात. काकांनी त्याचे कोरे फॉर्म घरी आणले. एकदा दूध नासलं. का? उशिरा आलं. का? दूधवाला उशिरा उठला. का? घरी पाहुणे होते. का? त्याच्या मेव्हणीचं लग्न ठरलं. काका खाली जाऊन त्याचं अभिनंदन करून आले. दूध नासलं ते नासलंच.

त्यांच्या बायकोबद्दल, शकूकाकूंबद्दल, मात्र सांगण्यासारखं काही नव्हतं. जिन्यात मागून हाक मारली तरी बाई सरळ निघून जायच्या. बायका म्हणायच्या, भारी मिजास आहे. खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे.

तर या काकांनी एक सर्व्हर केला. मुलगा कोईमतूरला, तो नातीचे, ओवीचे व्हिडिओ पाठवतो. फोन भरून गेला, तेव्हा काकांनी एक जुना कॉम्प्युटर आणून त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या. सगळे व्हिडिओ त्यात ठेवायचे आणि हॉलमधल्या टीव्हीवर बघायचे. कॉम्प्युटरला ते 'स्टोअर' म्हणतात, टीव्हीला 'लाइन' आणि नातीला, देव त्यांचं भलं करो, 'माल'.

मी हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. त्यामुळे एके दिवशी ते आमच्या दारात उभे.

"मॅडम, माल अडकायलाय."

"म्हणजे?"

"ओवी झोपाळ्यावर बसती, वर जाती आणि तिथंच लटकून राहती. मग एकदम खाली. पोरगी हाय का पिस्टन?"

मी हसले. ते हसले नाहीत. "तुझी काकू उठून गेली गं. चार दिवस झाले, टीव्हीपुढं बसंना. संध्याकाळी नातीला बघायची, तेवढंच होतं तिला. आता बाल्कनीत बसायलीय भिंतीकडं तोंड करून. मला ती परत खुर्चीत बसलेली पाहिजे. बाकी काय नको."

मी लगेच गेले. व्हिडिओ लावला तर ओवी कशी लोण्यासारखी झोके घेत होती. कुठे काही अडकत नव्हतं.

"बघा, चालतोय की."

"तू आलीस म्हणून." काका खाली बघत म्हणाले.

मी घरी गेले आणि दहा मिनिटांत पुन्हा बेल वाजली. अडकायलाय. असं आठवडाभर चाललं. "लक्षणाला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच बदल," हा काकांचा हुकूम. म्हणून एका दिवशी वायफाय काढून वायर टाकली. त्या वायरच्या कडेने त्यांनी फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली, कंपनीत चालायची वाट आखतात तशी. दुसऱ्या दिवशी डिस्क तपासली, तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडून पंख्यातली धूळ काढली. प्रत्येक बदल रजिस्टरला लिहिला, मला सही करायला लावली. मी समोर असले की व्हिडिओ शहाण्यासारखा चालायचा, पाठ फिरली की अडकायचा. माझी तर खात्री झाली की बिघाड काकांच्या डोक्यात आहे, आणि एक टॅग तिथेच बांधावा.

शनिवारी संध्याकाळी मी काकूंचा डबा परत करायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत काका एकटेच, शेजारची खुर्ची रिकामी. टीव्हीवर ओवी धक्के खात होती, आणि तिच्या पायाशी मोठमोठी मराठी अक्षरं होती: "आजी, मी पडणार नाही. तू घाबरू नको." जरा वेळाने कंसात: "(मागे कुकरची शिट्टी. दोन वेळा.)"

मला बघताच काकांनी रिमोट दाबला. अक्षरं गेली, आणि ओवी सुरळीत झोके घेऊ लागली.

मी डबा टेबलावर ठेवला. मला रागच आला होता. "काका, मी यायच्या आधी दर वेळी हे बंद करत होतात? तपासणीला आलेल्या माणसापासून दोषच लपवून ठेवायचा? इन्स्पेक्टर ना तुम्ही?"

काकांनी बाल्कनीकडे बघितलं. तिथे काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या. एवढ्या आवाजातही त्यांनी मान वळवली नाही, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिन्यातल्या सगळ्या हाका आठवल्या. मला स्वतःची लाज वाटली.

"कोणाला सांगू नको म्हणली होती," काका हळू म्हणाले. "समोरून बोललं तर ओठावरून कळतं तिला. पोरगी काय एका जागी उभी राहती? म्हणून मी ऐकून ऐकून लिवतो."

बिघाड मला आता कळला होता. त्यांच्या टीव्हीला मराठी अक्षरं येत नव्हती, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून काकांनी अलीकडेच अक्षरं उमटवायचं काम स्टोअरलाच लावलं होतं. ते जुनं यंत्र दर क्षणाच्या चित्रावर नव्याने अक्षरं रंगवत बसायचं आणि धापा टाकायचं. मी सांगितलं तसं काकांनी सवयीने फॉर्म ओढला आणि लिहायला लागले.

व्हिडिओ का अडकतो? अक्षरं रंगवताना स्टोअर दमतं.

अक्षरं का? शकूला ऐकू येत नाही.

का येत नाही? अकरा वर्षं पत्रा ठोकायच्या दणदणत्या प्रेसवर होती, भोसरीत.

प्रेसवर का? मी लावलं.

पाचव्या 'का'शी पेन थांबलं. काकांनी भिंतींकडे बघितलं, छताकडे बघितलं. "हे घर पाहिजे होतं मला," म्हणाले, आणि तसंच लिहिलं. "कानात कापूस घाल म्हणायचो. मी दिवसभर लोकांच्या मालातले दोष काढायचो, आणि घरी ही दर वाक्याला 'काय? काय?' करायची तर हिच्यावर खेकसायचो. मला समजलं नाही गं. मला समजायला पाहिजे होतं."

फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'उपाय'. काका त्यावर पेन धरून बसले. "मूळ कारण सापडलं की हे लिवावंच लागतं. इथं काय लिवू?"

माझ्याकडे उपाय होता तो फक्त व्हिडिओचा. अक्षरं कायमचीच व्हिडिओत उतरवून ठेवायची, म्हणजे रोज रंगवायला नकोत. मी स्टोअरला त्या कामाला लावून दिलं. सगळे व्हिडिओ संपायला रविवारची दुपार उजाडली.

संध्याकाळी मी काकूंच्या समोर गेले, पहिल्यांदाच अगदी समोर, आणि सावकाश म्हणाले, "काकू, चला. ओवी आलीय." त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग उठल्या आणि येऊन खुर्चीत बसल्या.

ओवी वर गेली आणि वेळेवर खाली आली. अक्षरं आली, गेली. काकू एकेक वाचत होत्या. काका टीव्हीकडे बघतच नव्हते, ते काकूंकडे बघत होते. मध्येच काकूंनी हात वर केला. "थांबवा. हा दिवाळीचा व्हिडिओ ना, ओवी आपल्या घरी आली होती तेव्हाचा? माझ्या डाळीला तीन शिट्ट्या होतात. मी झाकणावर वाफ बघून मोजते. तुम्ही दोनच कशा लिहिल्या?"

"दोनच ऐकू आल्या मला," काका म्हणाले.

"मग नीट ऐका जरा," काकू म्हणाल्या, आणि हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले, तेव्हा काकांच्या दारावर तो फॉर्म लाल टॅगच्या सुतळीने टांगलेला होता. 'उपाय'च्या रकान्यात काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, "शिट्ट्या तीन केल्या." आणि खाली, वळणदार बायकी अक्षरात, "तपासणारी: शकुंतला कदम."