परिचयाची गरज नसलेला माणूस

श्रीधर खांबेट्यांच्या घरी बेल वाजवली की ते दार उघडत नसत. आतून ओरडत, "पुन्हा वाजवा!" आपण पुन्हा वाजवायची. मग आतून निकाल यायचा, "पांढरी चार. पण किंचित उतरलीय. काल बरी होती. या आत."

जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या पट्टीत वाजते, आणि ती पट्टी कळल्याशिवाय तिच्याशी व्यवहार करू नये, असं त्यांचं मत होतं. त्यांचा फ्रीज काळी एकमध्ये घुमायचा. मायक्रोवेव्ह काळी पाचमध्ये किंचाळायचा. न्यूयॉर्ककडून येणाऱ्या गाडीचा भोंगा समोरून ऐकला तर एक सूर आणि गाडी पुढे गेली की खालचा, याचं शास्त्रीय कारण इंजिनिअर असूनही ते सांगत नसत. "दमते बिचारी," एवढंच म्हणत.

एकदा आमच्या घरातला स्मोक अलार्म थांबेना. माझ्या बायकोने घाबरून त्यांना फोन केला. "भावजी, हे नुसते स्टुलावर उभे आहेत, यांना काही सुचत नाहीये!"

"फोन अलार्मजवळ धरा," खांबेटे म्हणाले. तिने धरला. "काळी चार. वहिनी, तुमचीच पट्टी हो! आता गॅस बंद करा आणि बाहेर पडा."

न्यूयॉर्कजवळच्या एडिसनमध्ये आमची घरं समोरासमोर. आम्ही दोघंही सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेले. ते रंगांच्या कारखान्यात केमिकल इंजिनिअर होते, मी पुलांची गणितं करायचो. त्यांची पत्नी सुमतीवहिनी लवकर गेल्या, मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला स्थायिक झाली, आणि खांबेटे आपल्या पेटीसह उरले. आमच्या मराठी मंडळात पंचवीस वर्षं पेटी त्यांचीच. कुणीही गायला बसलं की ते आधी विचारत, "पट्टी कुठली?" गायकाला माहीत नसलं तर म्हणत, "खोका." तो खोकला की पट्टी ठरायची.

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळं आहे. मंडळात अजूनही कुठे चार लोक जमले की खांबेट्यांची एक गोष्ट सांगितली जाते. सगळे पोट धरून हसतात. मीही हसत आलो. ती गोष्ट खोटी आहे. खात्रीने सांगतो, कारण ती मीच पसरवली.

नव्या शतकाची चार-पाच वर्षं उलटली होती. मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी. शेजारच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये बेघर लोकांसाठी एक कॉन्सर्ट होणार होती. तिथे एक निवारा होता. तो चालवणाऱ्यांचं म्हणणं असं की नुसतं सूप वाढून भागत नाही, या लोकांना घरं मिळावीत म्हणून गावाने बोललं पाहिजे. कलाकार सगळे आर्टिस्ट्स ऑफ कलर. कार्यक्रमाच्या प्रमुख लोरेटाबाई या चर्चच्या कॉयरच्या सर्वेसर्वा, काळ्या, सहा फुटी, आवाज असा की माइकने लाजावं. त्यांनी मला फोन करून आमच्या मंडळाला बारा मिनिटं दिली.

मी हे कमिटीपुढे ठेवलं. आमचे अध्यक्ष डॉक्टर पाटणकर, निवृत्त भूलतज्ज्ञ. भाषणांतून त्यांची प्रॅक्टिस चालूच होती. त्यांनी विचारलं, "ऑफ कलर म्हणजे नेमके कोण?"

"गोरे सोडून सगळे," मी म्हणालो.

जोगळेकर वहिनी ताठ झाल्या. "मग आपलं काय काम तिथे? आमच्याकडे सगळे गोरेच आहेत. सासूबाईंना तर इथे इटालियन समजतात."

"आपण कुठल्या रंगात बसतो यावर एक उपसमिती नेमू," डॉक्टर म्हणाले.

कोपऱ्यातून खांबेटे म्हणाले, "वहिनी, हल्ली एअरपोर्टवर तुम्हाला रांगेतून बाजूला काढतात ना?"

"दर वेळी! मेल्यांनी लाडवांचा डबासुद्धा उघडला."

"मग तोच आपला रंग."

ठराव एकमताने मंजूर झाला.

कॉन्सर्टला तिकीट नव्हतं. त्याऐवजी प्रत्येकाने एक कोरं पांघरूण आणायचं होतं. आमची मंडळी दिलदार. अनेकांनी चांगली जाड ब्लँकेट्स आणली. जोगळेकर वहिनींनी आणली चार निळी, पातळ, विमानातली. "कोरीच आहेत," त्या म्हणाल्या. "पिशवीसुद्धा फोडलेली नाही."

आता मंडळाचा कार्यक्रम म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. बारा मिनिटांत गाणं किती वेळ? पाच. उरलेल्या सातांत दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि सत्कार. सत्काराशिवाय आमच्याकडे पडदा उघडत नाही. निवाऱ्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष कोणी मिस्टर हॉलंड येणार होते. मी लोरेटाबाईंना विचारून घेतलं, ते दिसायला कसे? "उंच, म्हातारे, पुढच्या रांगेत बसतील," त्या म्हणाल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि हॉलंडसाहेबांचं नाव एका चिठ्ठीवर लिहून झब्ब्याच्या खिशात ठेवलं. मग बायकोने तो झब्बा बदलायला लावला.

त्या दुपारी हॉल तुडुंब भरला होता. कॉयरने पहिल्याच गाण्यात छप्पर हलवलं. पोर्तोरिकन ढोलवाले आले तेव्हा डॉक्टर पाटणकर चक्क उभे राहिले, आणि आम्हाला प्रथमच कळलं की त्यांना कंबर आहे. मग आमचा नंबर. समई जड, तेल डचमळतंय. टी-शर्ट घातलेला एक म्हातारा खुर्च्या मांडत होता. मी त्याला हाक मारली, "बाबा रे, जरा हिला हात लाव." त्याने बिचाऱ्याने समई स्टेजवर चढवली. मी म्हणालो, "थँक यू, आता बाजूला हो."

खांबेटे पेटीवर बसले होते. मी माइक हातात घेतला, खिशात हात घातला, आणि चिठ्ठी नव्हती. नाव आठवेना. पण पंचवीस वर्षांचा अनुभव पाठीशी होता. मी सुरू केलं, "ज्यांना परिचयाची गरज नाही, असे आजचे सत्कारमूर्ती..." मग समाजासाठी झिजलेलं आयुष्य, पडद्यामागचं मौन, संकटातही न ढळलेली मान. हाच मजकूर मी आधी एका दंतवैद्याला आणि एका नाटकवाल्याला वापरला होता, इथे फक्त इंग्रजीत म्हटला. पुढच्या रांगेत करडा सूट, लाल टाय घातलेला एक उंच, काळा म्हातारा बसला होता. मी स्टेजवरून उतरलो, शाल त्याच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि वाकून नमस्कार केला.

तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मागून खांबेट्यांनी पेटीवर सूर धरला. लोरेटाबाईंनी तो उचलला, त्यांच्यामागे अख्ख्या कॉयरने, आणि हॉल उभा राहिला. म्हाताऱ्याने माझ्या हातातला माइक घेतला. आधी त्याने स्वतःचं नाव सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश. अर्ल होतं त्याचं नाव. तो म्हणाला, "गेली सहा वर्षं लोक मला एकच वाक्य म्हणतात, इथे बसू नका. आज या साहेबांनी मला उभं केलं." मग नारळ कानाशी हलवून तो म्हणाला, "आणि यात पाणी आहे वाटतं." हॉल इतका हसला की दीपप्रज्वलन राहूनच गेलं.

मी खूश. असा सत्कार मंडळाच्या इतिहासात झाला नव्हता. मध्यंतरात तो टी-शर्टवाला म्हातारा आला, हात पुढे करून म्हणाला, "मी हॉलंड. फार सुंदर कल्पना होती तुमची. आमच्याकडे राहणाऱ्या माणसाचा असा मान आजवर कोणीच केला नव्हता."

तिथेच सांगून टाकलं असतं की कल्पना-बिल्पना काही नव्हती, तर विषय संपला असता. पण मी नुसता हसलो.

पुढच्या रविवारी कमिटी बसली. डॉक्टर पाटणकर लालबुंद झाले होते. "अध्यक्षांना समई उचलायला लावली! आणि शाल दिली कोणाला? आपल्याला माफीचं पत्र पाठवलं पाहिजे. चुकून भलत्याच व्यक्तीचा सत्कार झाला, खरी शाल मागाहून पाठवत आहोत, असं." मग माझ्याकडे वळून, "पण त्या माणसाकडे बोट दाखवलं कोणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरीपद म्हणजे काही राष्ट्रपतिपद नव्हे, पण माझ्याने ते सोडवेना. मी म्हणालो, "मला वाटतं... पेटीवरून खांबेट्यांनी खूण केली."

खांबेट्यांनी खूण केली नव्हती. ते मान खाली घालून भाता हलवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, कोणी खोकल्यावर पट्टी ओळखताना बघायचे तसं. मग म्हणाले, "हो. मीच खूण केली. आणि चुकून नाही. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"मला तोच सत्कारमूर्ती वाटला. चूक झालेलीच नाही, तर माफी कसली मागता?"

पत्र गेलं नाही. पण गणेशोत्सवात पेटी गेली आणि तिच्या जागी जोगळेकरांच्या जावयाचा कीबोर्ड आला. ओक ट्री रोडवर वाणसामान घेताना लोक एकमेकांना सांगू लागले, "खांबेट्यांनी सेक्रेटरीला कसं बनवलं ऐकलंत का?" गोष्टीत दर वर्षी भर पडत गेली. शेवटी शेवटी तर अर्लने नारळ स्टेजवरच फोडला होता. मी दुरुस्ती केली नाही. समोर राहूनही मी त्यांच्याकडे जायचं टाळू लागलो. कचऱ्याचा डबासुद्धा खिडकीतून पाहून, ते आत गेल्यावर बाहेर ठेवायचो.

तीन वर्षांनी त्यांच्या अंगणात घर विक्रीची पाटी लागली. मुलगी त्यांना बेलव्ह्यूला नेणार होती. एका सकाळी मी रस्ता ओलांडला. दार उघडंच होतं, आत खोकी रचलेली. बसायच्या आधीच मी सगळं बोलून टाकलं. चिठ्ठी, झब्बा, खोटं, सगळं.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "तुमचा आवाज दीड सुराने चढला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"अहो, मी दर मंगळवारी त्या निवाऱ्यात जायचो, त्यांचा पियानो नीट करायला. अर्ल शेजारी बसून बघायचा. तुमचं पत्र गेलं असतं तर लोरेटाबाईंनी ते त्याला दाखवलं असतं. त्या काही लपवून ठेवत नाहीत. चुकून झालं होतं, असं त्याला वाचायला लागलं असतं. कोणीतरी मुद्दाम केलं म्हणायलाच हवं होतं."

"पण तुमची पेटी गेली. लोक हसले."

"हसू देत. कीबोर्डवाल्याची पट्टी तरी कुठे बरोबर असते." मग एका खोक्यावरची चिकटपट्टी अंगठ्याने दाबत ते म्हणाले, "तुम्ही मात्र यायचं बंद केलंत."

"मला वाटलं, तुम्ही रागावला असाल."

"रागावलो असतो तर मीच आलो असतो भांडायला. ही गेल्यापासून सकाळी या घरात बोलायला येणारे तुम्हीच एक होतात. मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

ते उठले, "चहा घेणार ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आधण ठेवलं. ओट्यावर एकच कप होता. बाकीचे बांधून झाले होते. स्वयंपाकघर असं लिहिलेल्या खोक्याची टेप त्यांनी ओढून काढली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकेक पुडी बाहेर काढून उलगडू लागले. पहिलीत वाटी निघाली, दुसरीत सांडशी. मीही खाली बसलो, आणि आम्ही दोघं मिळून दुसरा कप शोधू लागलो.