राक्षसाच्या हातून मरण्याचा मानक्रम

मरणापुढे सगळे सारखे, असं प्रवचनात सांगतात. सांगणाऱ्याला बसायला गादी असते, ऐकणाऱ्यांना सतरंजी. तेव्हा झरीच्या पुढच्या आमच्या गावाने हे तत्त्व एकदा तपासून घेतलं, ते योग्यच झालं.

निमित्त सिनेमाचं. माणिकराव सरपंचांची पुतणी शिवकन्या पुण्याला सिनेमाचं शिकते. जुन्या काळी कमी पैशांत राक्षसांचे, उडत्या तबकड्यांचे सिनेमे निघत. तबकडीची दोरी दिसे, राक्षसाच्या पाठीची शिवण दिसे. त्यांची तिला फार माया. तसाच वाईट सिनेमा तिला मुद्दाम करायचा होता. वाईट काम मुद्दाम करावं लागतं, याचं गावाला नवल वाटलं. (आम्हाला ते आपोआप जमतं. रस्ता पाहावा.)

कथा सोपी होती. मंगळावरून राक्षस येतो आणि गाव खातो. (पत्रिकेतल्या मंगळाला आम्ही आधीपासूनच भितो, म्हणून ग्रह तोच धरला.) तबकडी म्हणजे पंगतीची परात, पिंपळाला टांगलेली. राक्षस म्हणजे जुन्या गादीचा फोम, सोयाबीनची पोती आणि डोळ्यांना दोन बॅटऱ्या. चेन परवडली नाही, म्हणून आत माणूस घालून कस्तुराबाईने पोत्याचं तोंड शिवतात तशी पाठ दाभणाने शिवून टाकली. आतला माणूस सोनपेठच्या बाजारातून रोजाने आणला होता. गावातल्या कुणी पोत्यात शिरणं इज्जतीला धरून नव्हतं.

प्रसंग रात्रीचा होता. पण दिव्यांचा खर्च वाचावा म्हणून तो मे महिन्यात, भरदुपारी, कॅमेऱ्याच्या भिंगावर निळा कागद लावून घ्यायचं ठरलं. राहिला फक्त मरणाचा क्रम. यादी लिहायला मला बसवलं. मी साठीत अक्षरं शिकलो, हळू लिहितो. वादाला वेळ पुरतो.

"पहिलं मरण माझं," माणिकराव म्हणाले. "लग्नात टोपी पहिली मला, अन् इथं मी मागून मरू?"

"सोसायटीचा चेअरमन कोण हाय?" योगीराज म्हणाले.

माणिकरावांच्या पार्वतीबाई पदर सावरून उठल्या. "ह्यांच्या आधी मी मरणार. मला कुंकवानिशी जायचंय. सिनेमात बी."

मुद्दा शास्त्राला धरून होता. गावातल्या एकूण एक सवाष्णींनी हात वर केले. सांबप्पा दुकानदार म्हणाले, "मला कव्हाबी मारा, पर दुकानाच्या पाटीखाली मारा."

तेवढ्यात राक्षसातून आवाज आला, "मालक, पाणी द्या."

"मंगळावरचा अन् मराठी बोलायलाय," योगीराज म्हणाले.

"आवाज नंतर बदलता येतो, काका," शिवकन्या म्हणाली.

"उसवू का गं?" कस्तुराबाईने विचारलं.

"यादी तर होऊ द्या," माणिकराव म्हणाले. "परत शिवत बसायचं का?"

साडेदहा ते सवादोन या वेळेत नऊ मसुदे झाले. तीन भावक्या रुसल्या, दोन परत आल्या. राक्षसाने पाणी सात वेळा मागितलं. चौथ्या वेळेपासून आवाजात जी घरघर आली, ती सर्वांना पसंत पडली. "लय भारी करायलाय," माणिकराव म्हणाले. ते सहसा कुणाची तारीफ करत नाहीत.

यादी पूर्ण झाली. तेवीस मरणं, सही-अंगठ्यानिशी. कॅमेरा सुरू झाला, पहिल्या मानाच्या पार्वतीबाई किंचाळायला सज्ज झाल्या, आणि राक्षस एकालाही न खाता पालथा पडला. गावाने टाळ्या वाजवल्या. माणिकरावांच्या मनाला मात्र लागलं. यादीत नसलेला माणूस त्यांच्या आधी पडला होता.

टाळ्या थांबल्या तरी तो उठेना, तेव्हा कस्तुराबाईने विळ्याने शिवण कापली. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेला; यादीतले सगळे मागोमाग आले. सलाइन लागली, वाचला. नर्सबाईंनी केसपेपर पुढे ओढला. "पेशंटचं नाव?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण यादी माझ्या खिशात होती. मी ती उघडली. तेवीस नावं, बापाच्या नावासकट. तेवीसही जण धडधाकट माझ्यासमोर उभे होते.

शेवटी मी खाटेजवळ जाऊन त्यालाच विचारलं. त्याने सांगितलं, मी चोविसावं नाव लिहून घेतलं. इथे ते देत नाही. त्याने सात वेळा पाणी मागितलं हे तुम्हीही वाचलंत, सांबप्पांच्या पाटीला हसलात आणि पुढे गेलात. नाव तुम्हीही विचारलं नाही.