गजभिये काकांची चूक

बेगम शेवटचे श्वास घेत होती आणि गजभिये काका ओरडले, “चूक!”

लखनौतल्या मानकनगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तेव्हा पंधरावीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. रविवारी सकाळी टीव्हीवर नवाबी लखनौची मालिका लागायची आणि ब्लॉकमध्ये टीव्ही एकच, आमचा. बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले. काका मात्र उठून पडद्यावर बोट ठेवत होते. “मनगट पाहा तिचं! घड्याळाच्या पट्ट्याचा डाग! नवाबाच्या काळात मनगटी घड्याळ? पुरावा दाखवा!”

“भाईसाहब, रोने तो दीजिए!” समोरच्या मिश्रा भाभी कळवळल्या. तोवर बेगम मेलीसुद्धा. कुणालाच धड रडता आलं नाही.

काका मूळचे नागपूरचे, रेल्वेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. आयुष्यभर पट्टी लावून रेघा मारल्यामुळे उरलेलं जग त्यांना वाकडंच दिसायचं. लायब्ररीतली जुनी गॅझेटियर ते उशाशी घेऊन झोपत. शाही कोरम्यात टोमॅटो दिसला, चूक. महालामागून इंजिनाची शिट्टी ऐकू आली, त्या दिवशी तर त्यांना जेवण गेलं नाही. “लखनौले रेल्वे सत्तावनच्या बंडानंतर आली, बाप्पा! निदान आमच्या खात्याले तरी सोडा!”

एकदा मात्र ते हळूच म्हणाले, “दरबारात साठ माणसं नुसती शायरी ऐकून राह्यली. या सगळ्यायचं पाणी कोण भरते? झाडू कोण मारते? ते काऊन दिसत नाही?” यावर कुणी पुरावा मागितला नाही. भाभी एकदम चहाच्या तयारीला लागल्या.

दर सोमवारी काका मालिकावाल्यांना चुकांची यादी पाठवत. काकू म्हणत, “परक्याले एवढी पत्रं. पोरीले एक नाही.” त्यांची एकुलती लेक बेबी एका पंजाबी मुलाशी लग्न करून लुधियान्याला गेली होती. “या घराचं दार तुले बंद,” असं काका तिला बोलून बसले होते. मग तीन वर्षं दोन्हीकडून शब्द नाही.

पुढे मालिकेचं शूटिंगच लखनौच्या एका जुन्या कोठीत आलं. काकांनी रजा टाकली आणि वही घेऊन तिथं जाऊन बसले. दुपारपर्यंत त्यांनी गालिचा, हुक्का आणि नवाबाची मिशी, तिन्ही नापास केली. दिग्दर्शकानं हात टेकले. “इन्हें कोई रोल दे दो यार, कम से कम चुप तो रहेंगे!” आणि काका दरबारात मुनशी झाले.

तो भाग लागला त्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. दरबार भरला. नवाब आले. कोपऱ्यात मुनशी लिहीत होता आणि त्याच्या नाकावर होता काकांचा नेहमीचा जाड, काळ्या प्लास्टिकच्या फ्रेमचा चष्मा!

“चूक!” अख्खी खोली गरजली. भाभींनी टाळ्या पिटल्या. “भाईसाहब, अब आप सबूत दिखाइए!” इतक्या रविवारांचा सूड सगळ्यांनी पोटभर उगवला. मीही हसून घेतलं. काका खाली मान घालून बसून राहिले.

सगळे गेल्यावर मी सतरंजी गुंडाळत विचारलं, “काका, चष्मा काढा असं कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

“सांगतलं ना. तीनदा. मी म्हटलं, मग दुसरा मुनशी पाहा.”

“पण तुम्हाला तर माहीत होतं…”

“बेबीनं मले बिनचष्म्याचं कधी पाह्यलंच नाही,” ते चपला शोधत म्हणाले. “तिकडंही लागते ना ही मालिका? ओळखाले तर पाह्यजे तिले.”

पुढचे दोन रविवार काका आले नाहीत. आम्ही मालिका अगदी शांतपणे पाहिली. खरं सांगते, फार कंटाळवाणी होती.

नंतर एका दुपारी ते आमच्या दारात उभे. मागे काकू. काकांच्या हातात लुधियान्याचा शिक्का असलेलं आंतरदेशीय पत्र, अजून न फोडलेलं.

“तू वाच बरं,” काका म्हणाले. “मले दिसून नाही राह्यलं.”

मी पत्र उघडलं. पहिलीच ओळ होती, ‘बाबा, तुम्ही किती वाळलात.’