आमच्या आइसलँडात

पारुळेकरकाकांना "कसे आहात?" असं कधी विचारू नका. "नोंदीप्रमाणे बरा," असं उत्तर येतं आणि मग आइसलँडमध्ये माणूस सरासरी किती जगतो, तिथे लहानशा गावातही दवाखाना कसा चालतो, दातांची दुखणी कुठल्या वयात जास्त, हे सगळं उभ्या उभ्या ऐकावं लागतं. काका स्वतः आइसलँडला कधी गेलेले नाहीत. मस्कतजवळ अल हैलमधल्या आमच्या पॉलिक्लिनिकात ते मेडिकल रेकॉर्ड सांभाळतात आणि दोन वर्षांतून एकदा मालवणला जाऊन येतात. मी त्याच क्लिनिकात रिसेप्शनवर बसते. मी वसईची, बडबडीला घाबरणारी नाही, पण काकांनी माझाही अंत पाहिलाय.

एकदा बरका गावाहून एक ड्रायव्हर बोट कापून घेऊन आला. काकांनी त्याला दारातच अडवलं. कुठल्या हाताचं बोट, कामावर कापलं की घरी, सुरीने की पत्र्याने? त्या बिचाऱ्याचं रक्त माझ्या काउंटरवर ठिबकतंय आणि यांची चौकशी संपत नाही. मी ओरडले, तर म्हणाले, "आमच्या आइसलँडात ह्येचो वेगळो रकानो आसता."

आमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, महिन्याला एवढंच कळायला हवं असतं की पेशंट वाढले की घटले. काका त्याला पाच पानं देतात, त्यातली निम्मी तळटिपांची. "जे परत आले नाहीत ते बरे झाले असं समजू नये," ही टीप वाचून अर्बाबने मला विचारलं, हा माणूस मला घाबरवतोय का? मी म्हटलं, नसावा, इन्शाल्ला.

काकांची एकुलती एक मुलगी आइसलँडमध्ये नर्स आहे, तिथल्याच मुलाशी लग्न करून राहते. ती कॉलेजात असतानाच काकू गेल्या. त्यामुळे हे आइसलँडचं वेड म्हणजे लेकीचं कौतुक, असं आम्ही धरून चाललो होतो. तिचा फोन आला, ती येणार आहे, असं काका कधी बोलत नसत. आम्हीही विचारलं नाही.

तिथल्या सरकारी वेबसाइटवर दरवर्षी मृत्यूंचा नवा तक्ता येतो. त्या दिवशी काका क्लिनिकभर खजूर वाटतात. मरणाच्या तक्त्यावर तोंड गोड करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. यंदा मात्र नेहमीचे दिवस उलटले तरी तक्ता दिसेना आणि काका पार कामातून गेले. दर दहा मिनिटांनी उठायचे, कूलरपर्यंत जायचे, पाणी न पिताच परत यायचे. मग माझ्या कॉम्प्युटरवर तीच वेबसाइट उघडायचे. त्यांना वाटे, त्यांच्या मशीनवर नाही ते माझ्या मशीनवर तरी दिसेल. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायचे.

शेवटी मंगळवारी त्यांनी सालेम नावाच्या एका पेशंटची फाइल त्याच नावाच्या दुसऱ्याला लावली. गुडघे दुखणारा म्हातारा कानाच्या डॉक्टरपुढे जाऊन बसला आणि डॉक्टरांनी त्याच्या कानात बॅटरी मारल्यावर प्रकार उघडकीला आला. अकरा वर्षांतली काकांची ही पहिली चूक. माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, मेल्या माणसांच्या तक्त्यात तुमचं एवढं काय अडलंय?

काकांनी खिशातून गेल्या वर्षीच्या तक्त्याचा घडी घातलेला कागद काढला. एका जिल्ह्यातल्या, एका वयाच्या बायकांचा रकाना लाल पेन्सिलीने गोल केलेला होता. तो रिकामा होता, म्हणजे त्या वर्षी तिथे त्या वयाची एकही बाई गेली नव्हती.

"थय रवता चेडू माझा," ते म्हणाले. "लग्नाच्या वेळी मी तेका बोललंय, तू माका मेलंस. सहा वर्सां झाली, फोन नाय. मी केलंय आणि उचलल्यान नाय तर? ह्यो तक्तो तरी सांगता, आसा म्हणान."

एरवी मी हसले असते. असं लेकीची खुशाली सरकारी तक्त्यात शोधणं फक्त या माणसालाच सुचेल. पण मला भडभडून आलं आणि त्यांचा रागही आला. मी कपाट उघडून स्टाफच्या फायली काढल्या. काकांच्या फॉर्मवर, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं, या ओळीपुढे मुलीचं नाव आणि नंबर होता. दरवर्षीच्या नव्या फॉर्मवर तेच नाव, तेच टपोरं अक्षर.

मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. काका "नको गो, नको" म्हणत माझं स्वच्छ टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिले. चौथ्या रिंगला पलीकडे एक बाई तिकडच्या भाषेत काही बोलली. मी स्पीकर लावला आणि सांगितलं, "मी मस्कतहून बोलतेय. तुमच्या बाबांच्या क्लिनिकमधून."

  पलीकडून तिने अगदी हळू, मराठीत विचारलं, "कधी गेले?"

काकांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"जितो आसंय गो," ते म्हणाले. "मीच बोलतंय. जितो आसंय."