चोरीला गेलेला डाग

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! म्हणूनच संग्रहालयात परदेशी चित्रं ताब्यात घ्यायचं काम माझ्याकडे. या वेळी तर साहेबांनी शब्दच दिला होता, "काम चोख झालं, तर पुढच्या देशात चित्रं पोचवायला तुम्हीच जा." विमानाने! बायकोने त्याच संध्याकाळी नवी बॅग आणली.

तर देशोदेशी फिरणाऱ्या प्रदर्शनाची आधुनिक चित्रं युरोपातून आली. अशा चित्राबरोबर त्याच्या दुखण्यांचा फोटोसकट अहवाल फिरतो: कुठे तडा, कुठे ओरखडा. मूळ प्रत माझ्याकडे आधीच आली होती. चित्रासोबत आलेल्या बाईंकडे नक्कल.

सुताराने पेटी उघडली. आत एक निळा चौकोन, त्यावर पिवळा चौकोन. मी भिंग लावलं. तडे जुळले, ओरखडे जुळले, आणि मला दरदरून घाम फुटला! फोटोत कोपऱ्यात चांगला वाटोळा तपकिरी डाग. चित्रात त्याचा पत्ताच नाही!

"डाग गेला!" मी ओरडलो.

"गेला तर बरंच झालं की," सुतार म्हणाला.

"अहो, बरं काय! डाग नाही म्हणजे हे ते चित्रच नाही! कुणीतरी बदललंय!"

झालं! दारं बंद, पहारेकरी गोळा, साहेब धापा टाकत हजर. "उद्या उद्घाटन आहे हो!" विमा कंपनीला फोन गेला. मी सुताराचे खिसे तपासायला लावले.

"डाग काय खिशात घालून नेतात होय?" तो भडकला.

बाईंनी शांतपणे आपली नक्कल उघडली. "माझ्या फोटोत डाग नाही."

साहेबांनी माझी प्रत ओढून नाकाशी नेली. "चहा आहे हा!"

"साहेब, सकाळी घरी जरा अहवाल पाठ करत होतो..." मी पुटपुटलो.

बाई नियमाच्या पक्क्या. तिथल्या तिथे मूळ अहवालात नोंद केली: 'चित्र उत्तम. कागदावर चहाचा डाग.' पुढे माझं पूर्ण नाव! आता तो अहवाल चित्राबरोबर पाच देश फिरणार, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तो वाचून खाली सही करणार.

पोचवायला सुतार गेला. विमानाने!

शेजारी विचारतात, "काय, जाऊन आलात का परदेशात?" मी चपला शोधायला लागतो. बायको मात्र ताठ मानेने सांगते, "ते नाही गेले, पण त्यांचं नाव पाच देशांत पोचलंय!"

खोटं आहे असं तरी कसं म्हणू?