सहा स्क्रूंपायी म्हातारा पडला, त्याचे वर्तमान

“सहा स्क्रू! सहा स्क्रू काढायला दहा मिनिटं लागली असती, तेवढा पण दम निघाला नाही व्हय रे तुला?” ऐसे वैजूताईसाहेब गर्जल्या आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी भिंतीवर फेकला, आणि तो भिंतीस लागून परत आमच्याच पायापाशी येऊन पडला, आणि आम्ही, जे कुणाचे एक ऐकून घेत नाही, तेही तोंड वर करून बोलिलो की, “ओरडू नको, मला काय स्वप्न पडलंतं असं होणार म्हणून?” आणि ताईसाहेब बोलिल्या, “स्वप्न कशाला पडायला पाहिजे? जमीरभाई सांगून सांगून दमले तुला!” आणि मग मातोश्री मध्ये पडल्या, कपाळी भंडारा तसाच, हाती नैवेद्याचे ताट तसेच, आणि खोलीभर जळक्या वायरीचा वास.

श्री. चालू करणारा आणि बंद करणारा जो एकच, त्याचे स्मरण करून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठीचे दिवशी जे घडले ते येथे लिहितो. मातोश्रींची आज्ञा जाहली की, “काय झालं ते एकदा खरं खरं सांग, वाकडंतिकडं करू नको,” त्याजवरून पदरचे न घालता आणि आपली लाज न झाकता लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी आणि आमचा स्वभावही तोच, तरी दोष संवत्सराचा नव्हे.

राज्य म्हणावे तर दीड खोलीचे. भिंतीपलीकडे यंत्रमाग अष्टौप्रहर खडखडत, त्यामुळे या राज्यात सर्व मंडळी मोठ्याने बोलत. तीर्थरूप ट्रक घेऊन सदा मुलखावर, मातोश्री मागाच्या शेडात सुताच्या कांड्या भरावयास जात, आणि वडील कन्या वैजूताईसाहेब, त्या साड्यांचे काठ काढण्यात निपुण. पडद्यावर बारीक बारीक चौकटी असत, त्यातील एकेक चौकट रंगवीत जावयाचे, आणि मग तो नक्शा मागवाला घेऊन जाई आणि तैसाच काठ मागावर उतरे. आणि आम्ही धाकटे, गणिताच्या मास्तरांनी “तुझ्याच्यानं काय होणार नाही” म्हटले म्हणून दप्तर बाकावरच टाकून दहावीतून उठून आलेले, ते पुन्हा गेलो नाही. दप्तर अजून तेथेच असेल.

या राज्याचा आधार एकच, तो म्हातारा. म्हातारा म्हणजे कॉम्प्युटर. कोण्या पतपेढीने मोडीत काढलेला, कंपनीचाच बांधून आलेला, बारीक अंगाचा काळा डबा, अंगावर पतपेढीचा नंबर पांढऱ्या रंगाने लिहिलेला. ताईसाहेबांनी आपल्या पहिल्या कमाईतून तो आणिला आणि जमीरभाईंनी त्यास उभा केला. हे जमीरभाई नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करीत, मेलेली यंत्रे बोलती करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. नक्शाचे सॉफ्टवेअर फार जुने, आणि ते उघडावयास एक किल्ली लागे, म्हणजे अंगठ्याएवढी एक डबी, ती म्हाताऱ्याच्या पाठीत खोचलेली असे. डबी आहे तर सॉफ्टवेअर आहे. ते करणारा मनुष्य धंदा गुंडाळून कोठे गेला, कोणास ठाऊक नाही.

त्या सालात ताईसाहेब आपला स्वतःचा एक काठ काढीत होत्या. लोक मोर काढतात, कोयरी काढतात, यांनी बाभळ काढली. पिवळी गोंड्याची फुले आणि फुलाफुलामध्ये पांढरे लांब काटे. आम्ही पाहून हसलो आणि बोलिलो, “काटे कोण नेसणार गं?” आणि त्या बोलिल्या, “काट्याशिवाय बाभळ असती का? गप बस.” आठ महिने काढीत होत्या. विणकरांच्या संस्थेची संक्रांतीस निवड असे, आणि ज्याचा काठ निवडला जाई त्याचे नाव साडीच्या चिठ्ठीवर छापून येई. आमच्या घराण्यात कोणाचे नाव कशावर छापून आलेले नाही. ताईसाहेबांस ते यावे ऐसे फार होते, पण बोलून दाखवीत नसत. आम्हांस मात्र ठाऊक होते, कारण वहीच्या मागल्या पानावर त्यांनी आपले नाव छापील अक्षरात लिहून पाहिले होते, सात वेळा.

आता आमचा लोभ. दुपारी ताईसाहेब मागवाल्यांकडे जात तेव्हा म्हातारा आमचे ताब्यात येई, आणि आम्ही त्यावर लढाईचे गेम खेळू. पण म्हाताऱ्यास ते झेपेना. आमचा शिपाई वळावयास जाई तो चित्र थिजे, आणि चित्र हलेतोवर शत्रू येऊन मारून पुढे गेलेला असे, आणि आपण मेलो हे आपणांस मेल्यावर कळे. सोबत खेळणारी सगळी पोरे हेडफोनवर हसत आणि त्यात टिल्या म्हणोन आमचा मित्र, जो ग्रिलच्या कारखान्यात काम करतो, तो म्हणे, “भावा, तू खेळतोयस का फोटो बघतोयस?” आम्ही एकदा रागाने माऊस आपटला, त्याचे चाक तेव्हापासून निखळले आहे.

मग आम्ही जमीरभाईंकडे गेलो आणि बोलिलो, कमी खर्चात म्हातारा जवान करावयाचा. आणि भाई चष्मा कपाळावर सारून बोलिले, “हे बघ बेटा, ह्याचं वय बघ, मग हौस कर. आधी रॅम टाक, ती माझ्याकडं जुनी पडलीय, घेऊन जा. मग पुढच्या महिन्यात एसएसडी टाकू. एवढ्यात पळायला लागेल हा.” आणि रॅम घातली, आणि खरोखर म्हातारा दुपटीने हलू लागला, आणि ताईसाहेबही प्रसन्न होऊन बोलिल्या, “बरं झालं रे, आता नक्शा लवकर उघडतोय.” आमच्या हातून झालेले काम आवडल्याचे त्यांनी तेव्हा प्रथमच म्हटले. तेथे थांबावयाचे होते. तेथे थांबलो असतो तर ही बखर लिहावयास नको होती.

परंतु आमच्या मनात गेमची चित्रे पळविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाने घर केले. कोण्या पोराकडे जुने कार्ड होते, त्यास आम्ही आमची सायकल दिली आणि कार्ड आणिले, आणि भाईंस नेऊन दाखविले. भाई बोलिले, “सायकल दिलीस? येडा आहेस का? हे पूर्ण उंचीचं कार्ड आहे, तुझा डबा बारीक. उभं राहणारच नाही त्यात.” आम्ही बोलिलो, डबा बदलू. भाई बोलिले, “कंपनीचा माल आहे हा. आतला बोर्ड त्याच डब्यात बसतो, वीज देणाऱ्या एसएमपीएसची पिन पण त्यांची वेगळी, बाजारातला लागत नाही. अर्ध्या उंचीचं कार्ड मिळतं, मी बघून आणतो, बदली करून देतो. महिनाभर दम धर.” आणि आम्ही बोलिलो, “वरचा पत्रा कापला तर?” आणि भाई बोलिले, “नकोच. आणि कापायचाच झाला तर बोर्ड बाहेर काढून काप. सहा स्क्रू आहेत. लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर खेळ खलास. ऐकतोयस का?” आम्ही “हो” म्हटले. हो म्हणावयास काय लागते?

मग चंपाषष्ठी आली. मातोश्री आणि ताईसाहेब वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य घेऊन खंडोबास गेल्या, आणि राज्य मोकळे सापडले. आम्ही धावत जाऊन टिल्याकडून पत्रा कापावयाचा ग्राइंडर आणिला, आणि टिल्याही बोलिला, “भावा, आतलं काढलंस ना सगळं?” आणि आम्ही बोलिलो, “तू शिकवू नको.” मग डबा उघडला. पहिला स्क्रू गंजलेला, तो फिरेना. दोनदा फिरवून पाहिला आणि तिसऱ्यांदा ड्रायव्हर निसटून बोटास लागला, आणि रक्त आले, आणि आमचे डोके फिरले. मग बोर्डावर कालचे वर्तमानपत्र अंथरिले आणि ग्राइंडर चालविला. ठिणग्या ऐशा उडाल्या की गडावर दिवाळी, आणि आम्हांस फार बरे वाटले, हेही लिहितो. त्या ठिणग्यांनी कागदास जागोजागी भोके पडली ती आम्ही पाहिली. आमची नजर तीक्ष्ण आहे, आम्हांस दिसले नाही ऐसे म्हणता येत नाही. दिसले, आणि आम्ही कागद काढून तोंडाने फुंकर मारिली आणि म्हटले, झाले साफ.

कार्ड बसले. कापल्या पत्र्यातून मान वर काढून उभे राहिले, जैसी बुरुजावर तोफ. बटण दाबले, आणि पंखा फिरला, आणि कार्डाचाही पंखा फिरला, आणि पडद्यावर उजेड आला. एक श्वास घ्यावा इतका वेळ आमच्याएवढा सुखी राजा पृथ्वीवर नव्हता. मग टच् ऐसा आवाज जाहला, आणि बोर्डाच्या कोपऱ्यातून धुराची एक बारीक काडी उभी राहिली, आणि सर्व काळे जाहले. आम्ही बटण दाबीत राहिलो. दाबीत राहिलो तो दारात ताईसाहेब.

पुढे जमीरभाई आले, त्यांनी भिंग लावून पाहिले. मग ताईसाहेबांस बोलिले, “बोर्ड गेला, बेटा. मागची किल्ली पण गेली. डिस्क तेवढी वाचलीय.” आणि डिस्क त्यांचे हाती दिली. काठ आत, जसाच्या तसा, आठ महिन्यांचा, आणि उघडावयास किल्ली नाही. ताईसाहेबांनी ती डिस्क एका खणात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात तळाशी ठेविली आणि त्या दिवसापासून आम्हांशी बोलणे सोडिले. संक्रांत आली आणि गेली. संस्थेने दुसऱ्याच कोणाचा मोर निवडला.

परंतु घर चालले पाहिजे. गावात तैसेच सॉफ्टवेअर आणि तैसी किल्ली एकाच ठिकाणी, मगदूमअण्णांचे ऑफिसात, ते मागांचे मोठे मालक, अंतर दोन कोस. अण्णा बोलिले, “बस की बाळ, संध्याकाळी मशीन मोकळंच असतंय. फक्त एक, माझ्या मशीनवर काढलंस ते माझं. नाव बीव नाही.” आणि ताईसाहेब “बरं” म्हणाल्या. आणि रोज दिवेलागणीस पायी निघत, आणि आम्ही वीस पावले मागून चालू, कारण सायकल तर आम्ही देऊन बसलो होतो. ती परत मागावयास गेलो तर पोरगा म्हणे, “भावा, आता रंग मारलाय तिला, आता काय नाही.” ती लाल झालेली सायकल वाटेत कधी भेटते. आम्ही दुसरीकडे पाहतो.

एके दिवशी अण्णा चहा पीत पीत बोलिले, “काय गं, ते तुझं बाभळीचं मोठं ऐकलंतं मी. डिस्क वाचली म्हणतात. आण की ती, हितं उघडू. नव्यानं कशाला डोळे फोडतेस?” आणि ताईसाहेबांचा हात माऊसवर थांबला. आम्ही दाराशी उभे. आमच्या डोक्यात शिव्या तयार होत्या, दोन पावले पुढेही आलो होतो. तो ताईसाहेब पडद्यावरून नजर न काढता बोलिल्या, “डिस्क पण जळाली, अण्णा. ह्यानंच जाळली.” आणि अण्णांनी आमच्याकडे पाहिले आणि हसून बोलिले, “काय रे गुलामा, काय पण शिल्लक ठेवलं नाहीस व्हय?” आणि आम्ही, ज्यांनी केलेल्या गोष्टीही कधी कबूल केल्या नाहीत, ते खाली मान घालून बोलिलो, “होय. मीच जाळली.” ऑफिसातला कारकूनही हसला. आम्ही हसू दिले.

पुढे फाल्गुनात पेठेतल्या दुकानाच्या काचेत ताईसाहेबांनी अण्णांकडे काढलेल्या काठाची साडी लागली, हिरवी, काठ पिवळा, चिठ्ठीवर लिहिलेले “मगदूम काठ”. दुकानदार गिऱ्हाइकास सांगत होता की अण्णांची काय नजर आहे, बाभळ कोणाला सुचेल! आम्ही काचेस नाक लावून पाहिले. गोंड्यामागून गोंडा, सुरेख ओळ, एकही चौकट चुकलेली नाही. पण काटा एकही नव्हता. पदरापर्यंत पाहिले. कुठेच नव्हता. मग आम्ही घरी येऊन ज्वारीच्या डब्यात हात घालून चाचपले, आणि डिस्क होती तिथेच होती, आणि झाकण लावून ठेविले.

एकंदरीत, म्हातारा गेला, किल्ली गेली, सायकल गेली, संक्रांत गेली, आणि ताईसाहेबांचे नाव वहीच्या मागल्या पानावरच राहिले. शत्रू कोणी बाहेरून आला नाही. कार्ड खाटेखाली आहे. ते सहा स्क्रू आम्ही मेल्या बोर्डातून नंतर काढिले, एकेक करून, दहा मिनिटेही लागली नाहीत, ते काडेपेटीत घालून खिशात बाळगितो. टिल्याच्या कारखान्यात आता आम्हीही जातो, आणि भाई म्हणतात की तैसी किल्ली कोठे तरी मोडीत सापडेल, आणि दम धर म्हणतात, आणि धरितो. आणखी लिहावयाचे होते की

ताईसाहेब दारात उभ्या आहेत, पायात चपला, आणि आताच बोलिल्या, “येतोयस, का मी जाऊ एकटी?” आम्हांस उद्देशून बोलिल्या. दुसरे कोणी घरात नाही. निघतो.